रघूकाकांनी साहेबाचे केस धुतले

आमचे रघूकाका यंत्राच्या गळ्यातसुद्धा टॉवेल बांधत.

हे मी थट्टेनं सांगत नाही. अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं केशकर्तनालय होतं. दोन खुर्च्या आणि एक आरसा. आरशाला डाव्या बाजूला डाग होता, त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला दाढी झाल्यावरही गालावर काहीतरी राहिलंय असं वाटे. या दुकानात जो येईल त्याच्या गळ्यात काका टॉवेल टाकत. पत्ता विचारायला आलेल्याच्याही टाकत. एकदा डीडीटी फवारणारा माणूस आत आला. त्याला तोंड उघडायला सुचेपर्यंत त्याचा एका बाजूचा कल्ला उतरला होता. मग दुसरा उतरवून घेण्यावाचून त्याला गत्यंतर उरलं नाही.

"डोकं माझ्याकडे द्या, तुम्ही डोळे मिटा," हे त्यांचं पालुपद. दुसरं, "मान हलवायची नाही." हे ते गिऱ्हाइकाला म्हणत, दारात थांबलेल्या टांग्याच्या घोड्याला म्हणत, आणि गणपतीला गंध लावतानाही म्हणत.

मी त्यांचा पुतण्या, बी.ए. कुणी विचारलेलं नसताना सांगतो, कारण आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही लोकांची डोकी सांभाळली, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मी बी.ए. झालो त्यात मिरवण्यासारखं पुष्कळ आहे. काका मला नावानं हाक मारायचे थांबले ते निकालाच्या दिवसापासून. "काय बी.ए., जेवलास का?" असं विचारत. गिऱ्हाइकाला माझी ओळख करून देत, "हा आमचा बी.ए., अर्थशास्त्र घेऊन," आणि गिऱ्हाईक बिचारं साबणानं माखलेल्या तोंडानं मला नमस्कार करी.

काकू त्यांची सुशी अगदी लहान असतानाच गेल्या. काकांनी दुसरं लग्न केलं नाही. पोरीला एकट्यानं वाढवलं आणि ही हकिकत घडली त्या वर्षी वैशाखात तिचं लग्न लावून दिलं. स्थळ बदलापूरचं. मुलगा कुळगावात भाताच्या गिरणीवर कामाला, नाव मधुकर. निर्व्यसनी, कष्टाळू, अंगापिंडानं भक्कम. एकच गोष्ट होती. तो बोलत नसे.

म्हणजे मुका नव्हता. "बरं" म्हणे. लग्नात उखाण्यासाठी बायकांनी धरलं, तेव्हा त्यानं नुसतं "सुशीला" म्हटलं आणि खाली बसला. मी काकांना समजावलं की गिरणीत दिवसभर धडधड चालते, तिथं बोललेलं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून त्यानं तो नादच सोडला असेल. काकांना ते पटलं नाही. त्यांच्या दुकानात गप्प बसणं म्हणजे आजारी असणं. या दुकानात वाढलेली पोर त्या शांततेत काय करत असेल, या एकाच विचारानं त्यांना घेरलं. श्रावणात सुशी माहेरी आली तेव्हा त्यांनी तिला सारखं खोदून विचारलं, सासरी कसं चाललंय. ती दर वेळी म्हणाली, "बरं."

"तिलाही लागण झाली," काका मला म्हणाले.

तेव्हा त्यांनी ठरवलं की दिवाळसणाला जावई येईल तेव्हा त्याला एकदा हसवायचं. माणूस हसला की बोलतो, बोलला की पोर सुखात आहे की नाही ते कळतं. "एकदा हसला ना बी.ए., की मी सुटलो." इथून पुढं जे काही झालं ते एवढ्यासाठी झालं, हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. नाहीतर काकांना वेड लागलं होतं असा समज होईल, जसा आमच्या आळीचा झाला.

लढाईच्या दिवसांत काका कल्याण कॅम्पात गोऱ्या सोल्जरांचे केस कापायला जात. तिथल्या कॅन्टीनमध्ये एक यंत्र होतं. उतरतं टेबल, वर काच. दांडा ओढून सोडला की पोलादी गोळी वर जाते आणि खुंट्यांवर आपटत खाली येते. जिथं आपटेल तिथं दिवा लागतो, घंटी वाजते, आणि मागच्या उभ्या फळीवर आकडे उजळतात. लाल मिशांचा एक सार्जंट होता. त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. तो या यंत्रापुढे पोट धरून हसताना काकांनी स्वतः पाहिला होता. काकांच्या लेखी एवढा पुरावा पुरेसा होता.

गोरे गेले, कॅम्पात सिंधी मंडळी आली, कॅम्पाला उल्हासनगर म्हणायला लागले. ते यंत्र कुठल्यातरी बराकीत पडून राहिलं आणि शेवटी भंगारवाल्या टेकचंदकडे पोचलं. तिथून काकांनी ते आणलं. हातगाडीवरून अंबरनाथपर्यंत वाजतगाजत आलं म्हणजे खरोखरच वाजत आलं, कारण आतली गोळी प्रत्येक खड्ड्याला खणखणत होती. दुकानातली एक खुर्ची बाहेर गेली आणि तिथं यंत्र बसलं. काका त्याला साहेब म्हणत.

साहेब मेलेला होता. वीज जोडली तरी दिवा नाही, घंटी नाही. टेकचंद आला, त्यानं टेबलाचं झाकण उचललं आणि आत तारांचं जंगल दाखवलं. प्रत्येक तारेवर सुती कापडाचं वेष्टण. प्रत्येकीचा रंग वेगळा, आणि ती जिथं जोडायची तिथं त्याच रंगाचा ठिपका. पण धूर, तेल आणि धूळ बसून सगळ्या तारा सारख्याच काळ्या झाल्या होत्या. टेकचंद सिंधी, हिंदी आणि आमची भाषा एकत्र मळून बोलत असे. "साईं, तार मेली है," तो म्हणाला. "साफ करो. रंग दिसेल तो पता लगेल कुठली कुठं."

मी रॉकेल सुचवलं. एका तारेवर लावून पाहिलं तर कापडाखालचं रबर फुगून चिकट झालं. काकांनी ती तार बोटांत धरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"बी.ए., हे रॉकेल तुम्हाला कितव्या वर्षाला होतं?"

तेव्हापासून साहेब पूर्णपणे काकांच्या हातात गेला. त्यांनी आधी दाढीचा ब्रश फेसात बुडवून तारांना लावून पाहिला. काही मिनिटांत साहेबाच्या पोटात पांढरी दाढी उगवली, मळ मात्र तसाच. मग काका म्हणाले की आपण चुकलो, ही दाढी नव्हे, हे केस आहेत. केसांना काय लावतात? रिठा.

टेकचंदकडून सगळा जुडगा सोडवून घेतला, रिठे भिजत घातले, पितळी घंगाळात पाणी काढलं. आणि तेव्हा मी त्यांना साहेबाच्या मागच्या फळीला टॉवेल बांधताना पाहिलं. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाले, फळीवर शिंतोडे उडतील. ते खोटं होतं. त्या फळीच्या काचेवर आखूड कपड्यांतली एक मडम समुद्रकिनाऱ्यावर उभी होती आणि काकांना तिची लाज वाटत होती. पुढं त्यांनी पाट्या रंगवणाऱ्याकडून तिला नऊवारी नेसवून घेतली. चित्रं काढण्यात तो हुशार होता, पण त्यानं पदर इतका लांब काढला की निम्मे आकडे पदराखाली गेले. जास्त गुण मिळाले की मडमेचं नुसतं पोट उजळे.

न्हाणं दिवसभर चाललं. काका तारांना विचारत, पाणी कोमट आहे ना? रिठ्याचा फेस चोळत, खळबळून काढत, आणि मग उवांच्या फणीनं एकेक तार विंचरत. फणीत सिगारेटची राख आली, वाळलेलं झुरळ आलं, आणि आणखी काहीतरी आलं त्याला काका "विलायती कोंडा" म्हणाले. खुर्चीत अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक बसलं होतं. ते ओरडून ओरडून थकलं आणि शेवटी तसंच उठून घंगाळापाशी येऊन बसलं. कारण रंग दिसायला लागले होते. काळ्या पाण्यातून आधी लाल निघाली, मग पिवळी, मग हिरवीवर पांढरी रेघ असलेली. प्रत्येकीला काका "या, या" म्हणत.

दुकानाबाहेर टॉवेलांच्या दोरीवर तारा वाळत घातल्या. चामटोलीहून भाजी घेऊन बाजाराला आलेल्या एका बाईनं थांबून विचारलं, या रंगीत शेवया कोणत्या लग्नाच्या आहेत. काका म्हणाले, दिवाळसणाच्या.

टेकचंदनं रंगाला रंग जोडून दिला, जुडग्याला जागोजागी दोऱ्यानं बांधलं, बटण दाबलं, आणि साहेब जिवंत झाला. घंटी वाजली, दिवे लागले, मडमेचं पोट उजळलं. आळी गोळा झाली. काका गोळीला "मान हलवायची नाही" म्हणून दटावत होते आणि गोळी सगळ्या खुंट्यांवर मान आपटत होती. मी कबूल केलं पाहिजे, मीही खूप हसलो. जावई हसणार, यात आता कुणालाच शंका उरली नाही.

आणि मग दिवाळी आली.

नरकचतुर्दशीला पहाटे काका उठले. अभ्यंगाला घरात स्वतःखेरीज दुसरं डोकं नव्हतं. ते आवरून दुकानात आले, साहेबाकडे पाहिलं, आणि त्यांच्या मनात आलं की रिठ्यानं न्हालेले केस इतके दिवस कोरडे आहेत. कोरडे केस फुटतात, हे आमच्या धंद्यातलं पहिलं ज्ञान. म्हणून त्यांनी खोबरेल तेलाची वाटी घेतली आणि साहेबाला प्रत्येक तारेच्या मुळापर्यंत तेल चोळलं. मग समाधानानं दुकान बंद करून घरी गेले.

पाडव्याला सकाळी उघडलं तेव्हा अंबरनाथच्या उंदरांचा फराळ उरकला होता. खोबरेल लावलेलं सुती कापड त्यांनी चवीनं खाल्लं होतं, बांधायचा दोरा खाल्ला होता, आणि जागोजागी तांबं चमकत होतं. टेकचंदनं आत डोकावून पाहिलं. "साईं," तो म्हणाला, "तार को तेल कौन लगाता है?"

"मी," काका म्हणाले.

सुशी आणि मधुकर आले ते जेवायच्या वेळेला. ओवाळणी झाली, जेवण झालं. मधुकरनं चकली खाल्ली, अनारसा खाल्ला, दोन्हींना "बरं" म्हटलं. मग सुशी शेजारणींकडे गेली आणि काका जावयाला दुकानात घेऊन आले. मी बरोबर होतो. वीज लावायची सोय नव्हती. काकांनी तरीही दांडा ओढून गोळी सोडली. ती वर गेली आणि टुक टुक करत मुकाट खाली आली. काकांनी ती पुन्हा सोडली, आणि या वेळी घंटी तोंडानंच वाजवली.

"इथं टिंग होतं, जावईबापू. इथं लाल दिवा. इथं आपटली की दोनदा टिंग, टिंग. आणि इथं या मडमेचं... म्हणजे इथं आकडा लागतो."

पन्नाशी गाठलेला माणूस टेबलाभोवती धावत टिंग टिंग करत होता. मला हसू येत होतं आणि बघवतही नव्हतं. मधुकर हात मागं बांधून उभा. तो हसला नाही.

"बरं," तो म्हणाला.

काका थांबले. त्यांनी झाकण उचललं, तारांचा सुटलेला जुडगा उचकटून बाहेर ओढला, आणि तो मांडीवर घेऊन जमिनीवर बसले. उंदरांना शिव्या देत होते, पुन्हा रिठा आणायला हवा म्हणत होते. लक्ष कशातच नव्हतं. पण हात चालू होते. हातांनी तारा मोकळ्या केल्या, गुंता काढला, तीन भाग केले आणि वेणी घालायला लागले. घट्ट, सारखी, एका पेडाला दुसरा पेड मोठा नाही. आमच्या दुकानात आजवर बायकांचं डोकं आलेलं नव्हतं. पुरुषांचे केस कापणाऱ्याला ही वेणी कुठून आली, हा प्रश्न मला, बी.ए.ला, त्या क्षणापर्यंत कधी पडलाच नव्हता.

मधुकर उकिडवा बसला. त्यानं वेणीचं टोक हातात घेऊन पाहिलं.

"मामा, हिची वेणी तुम्हीच घालत होता?"

काकांचे हात थांबले. "तिला आई नव्हती ना," ते म्हणाले. "सकाळी दुकान उघडायच्या आधी घालायचो. का हो?"

"आमच्याकडे आल्यापासून घालत नाही. अंबाडा गुंडाळते." तो थांबला. एवढं बोलायची सवय नसल्यामुळे त्याला दम लागला असावा. "न्हाली की केस सोडून खिडकीशी बसून राहते. आईनं घालू का विचारलं, तर नको म्हणाली. मी विचारलं तर म्हणते, माझी मला येत नाही. मी कधी घातलीच नाही."

मी काकांना ओळखायला लागल्यापासून प्रथमच त्या दुकानात कुणीच बोलत नव्हतं.

"मी एकदा घालून पाहिली," मधुकर म्हणाला. "सुटली. मला शिकवा."

काकांनी एवढ्या निगुतीनं घातलेली वेणी वरपासून खालपर्यंत सोडली. तारा बोटांनी सारख्या केल्या आणि जावयाच्या हातात दिल्या. मग त्याच्या शेजारी सरकून बसले.

"आधी तीन भाग करा. सारखे. उजवा मधल्यावर, मग डावा. घट्ट धरा, पण ओढायचं नाही." आणि थोड्या वेळानं, आवाज खाली आणून म्हणाले, "डाव्या कानामागं जरा सैलच ठेवा. तिथं तिला दुखतं. ती सांगत नाही."