पिठावरून गल्ली ओळखणारे गुलाबमामा

खोली बघायला म्हणून निघालेला माणूस खोलीत न डोकावताच परत येतो, हे तुम्ही कधी पाहिलंय? मी सलग चार महिने पाहिलं. गुलाबमामा शिकलगार खोली बघायला निघाले की थेट त्या भागातल्या पिठाच्या गिरणीत जायचे. तिथं बाकड्यावर तास-दीड तास बसायचे आणि भुवया पांढऱ्या करून बाहेर यायचे. मग रुमालानं तोंड पुसत निकाल द्यायचे, "न्हाय पावणं. हितं न्हाय जमायचं."

"अहो मामा, पण खोली तर बघू."

"भिंतीचं काय बघायचं? चार भिंती सगळीकडं चारच असत्यात."

हे मामा आमच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. कारखाना कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत होता. त्या ताऱ्यांचा आमच्या पगाराशी काही संबंध नव्हता. मामा पन्नाशीच्या पुढचे, उंच, किडकिडीत. मोठ्या साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांचे 'पावणं'. स्टोअरच्या खिडकीशी साधा नट-बोल्ट मागायला गेलात तरी आधी विचारायचे, "ऱ्हायाला कुठं?" आपण राजारामपुरी म्हटलं की बोल्ट पुढं सरकवून मोकळे व्हायचे. भाड्याची खोली शोधतोय म्हटलं की मात्र खुर्ची पुढं ओढायचे. मग मागं कितीही रांग लागू दे.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. नोकरी लागली म्हणून माणसं कोल्हापुरात येत होती आणि खोल्यांची भाडी आमच्यापुढं चार पावलं चालत होती. मी त्यातलाच एक. जयसिंगपूरला आमचं घर दोन खोल्यांचं. त्यात आई-वडील, थोरला भाऊ, वहिनी, त्यांची तीन मुलं आणि आता माझी बायको सुजाता व आठ महिन्यांची प्रज्ञा. मी इकडं रंकाळ्याजवळ कॉट बेसिसवर राहत होतो. म्हणजे कॉट माझी, खोली सहाजणांची. आठवड्याला सुट्टी एक. ती घर शोधण्यात घालवली तर मुलगी दिसायची नाही, आणि मुलीकडं गेलो तर घर मिळायचं नाही. एकदा तीन आठवड्यांनी जयसिंगपूरला गेलो तर प्रज्ञानं मला बघून भोकाड पसरलं आणि दारात आलेल्या पोस्टमनकडं हसत हसत झेप घेतली.

सुजाता शांतपणे म्हणाली, "घर लवकर बघा. आणखी महिनाभर गेला तर मला तुमची ओळख करून द्यावी लागेल तिला."

दुसऱ्या दिवशी मी मामांच्या खिडकीशी गेलो. तिथून माझी परवड सुरू झाली.

मामा गिरणीत रिकाम्या हातानं कधी जायचे नाहीत. दोन किलो ज्वारीचा डबा सायकलला अडकवलेला असायचा. "नुसतं बसलं तर लोक इचारत्यात, कोन तुम्ही. डबा घिऊन बसलं तर कोन इचारत न्हाय." तिथं बसून ते नेमकं काय बघायचे, हे मला महिनाभरानं कळलं. बायका डबा ठेवून घरी जातात की डब्याची राखण करत उभ्या राहतात, ही पहिली परीक्षा. डबा टाकून निर्धास्त निघून गेल्या तर गल्ली भरवशाची. रांगेत ज्वारी किती आणि गहू किती, ही दुसरी. ज्वारीचे डबे जास्त असले तर भाडं आपल्या आवाक्यातलं. आणि तिसरी परीक्षा म्हणजे भांडण. ते व्हायलाच हवं.

"भांडण?" मी विचारलं.

"व्हय की. माझ्या गव्हाआधी तुझी बाजरी का दळली म्हणून भांडत्यात, म्हंजे एकमेकीला नावानं वळखत्यात. भांडत न्हाईत तिथं बोलत बी न्हाईत."

या हिशेबानं निम्मं कोल्हापूर नापास झालं. एका पेठेत बायका शांतपणे रांगेत उभ्या होत्या, ती पेठ गेली. एका नव्या कॉलनीत गिरणीच नव्हती, सगळे पिशवीतलं तयार पीठ आणत होते. तिथं मामांनी सायकलवरून पायसुद्धा खाली टेकवला नाही. टेंबलाईच्या बाजूला एका गिरणीवाल्यानं मामांचा गंभीर चेहरा बघून त्यांना वजनमापं तपासणारे अधिकारीच समजलं. स्पेशल चहा आला. त्या दिवशी तिथल्या प्रत्येक बाईचं पीठ पूर्ण वजनाचं निघालं आणि दोघीतिघींना ते जास्तच झालंय असं वाटून त्यांनी परत मोजायला लावलं. मी मामांना म्हटलं, आता तर ही गल्ली तुमच्यावर खूश आहे, घेऊया खोली. मामा म्हणाले, "मी काय रोज यून बसनार हाय व्हय?"

या शोधमोहिमेचं पीठ मामांच्या घरी साठत जायचं. ते शनिवार पेठेत एका जुन्या खोलीत एकटेच राहायचे आणि भाकऱ्या स्वतः थापायचे. दुपारी डबा उघडला की आम्हाला तुकडा मोडून द्यायचे. "ही कसबा बावड्याची. जरा भरड हाय. आन ही कालची, जवाहरनगरची, बघा कशी मऊ." आम्ही पोटभर हसायचो. साठीकडं झुकलेला माणूस रोज एकट्यासाठी दोन भाकऱ्या थापतो, यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्यांची आणखी एक खोड मला सुरुवातीला खटकायची. गिरणीत शिरताच ते चारजणांत मोठ्यानं सांगायचे, "हे कांबळे, जयसिंगपूरचं. एमआयडीसीत हाईत. बायको, ल्हान पोरगी. खोली पायजे." मला कानकोंडं व्हायचं. आडनावाची एवढी दवंडी कशाला? पण मामांच्या आधी मी स्वतः सहा घरं बघितली होती. प्रत्येक ठिकाणी आधी पाणी, लाईट, भाडं असं सगळं बोलणं व्हायचं, मालकीण चहासुद्धा विचारायची, आणि शेवटी आडनाव सांगितलं की खोली कालच दिलेली असायची. मामांच्या पद्धतीत ज्यांना नको ते गिरणीतच मान फिरवायचे. दारापर्यंत जाऊन परत फिरायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही. हे ते मुद्दाम करत होते, हे कळायला मला बराच वेळ लागला. बोलून मात्र त्यांनी कधी दाखवलं नाही.

चौथ्या महिन्यात माझा संयम सुटला. मामांना न सांगता मी उचगावच्या बाजूला एक खोली ठरवून टाकली. गोदामांच्या मागं दहा खोल्यांची नवीकोरी चाळ, ताजा रंग, भाडं कमी, आणि मालकानं आडनाव ऐकून नुसती मान डोलावली. सुजाताला पत्र टाकलं, सामान बांधायला घे. आनंदाच्या भरात मामांना सांगितलं.

"जागा कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"एकदम शांत. कुणाचा कुणाला त्रास नाही."

दुसऱ्या दिवशी मामांनी अर्धी रजा टाकली, सायकल मारत उचगावला गेले आणि मालकाला सांगून आले की कांबळे येणार नाहीत. मालकानं खोली त्याच संध्याकाळी दुसऱ्याला दिली.

मी स्टोअरसमोर उभा राहून त्यांना वाट्टेल ते बोललो. लोक जमा झाले. "तुमच्यामागं ना बायको ना पोर, तुम्हाला काय कळणार घर म्हणजे काय ते," हेसुद्धा बोललो. मामांनी रजिस्टर मिटलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पंधरा दिस द्या, पावणं."

त्यांना बाराच लागले. फुलेवाडीच्या पुढं, गगनबावड्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत, एका गल्लीत ते मला घेऊन गेले. गिरणीत पाऊल टाकलं तर दोन बायका एकमेकींच्या सात पिढ्या काढत होत्या आणि त्यांचे डबे शेजारी शेजारी होते. मामांचा चेहरा फुलला. त्यांनी नेहमीची दवंडी पिटली. भांडणातली एक बाई, शेवंताआक्का, तशीच आमच्याकडं वळली.

"कांबळे असूंद्यात न्हायतर आनी कोन. आमच्या शेजारची खोली रिकामी हाय. पानी पाटं पाचला येतंय. बायको उठती का तेवढं सांगा."

खोलीला शेणानं सारवलेली जमीन होती आणि एका भिंतीला पोपडे आले होते. पुढच्या आठवड्यात सुजाता आणि प्रज्ञा आल्या. प्रज्ञा दोन दिवस माझ्याकडं संशयानं बघत राहिली. तिसऱ्या दिवशी माझ्या खिशातलं पेन काढून चावायला लागली, तेव्हा मला घर मिळाल्यासारखं वाटलं.

तीन वर्षं गेली. सुजाताची शेवंताआक्काशी भांडणं झाली, अबोले झाले, पुन्हा वाटीभर साखर इकडून तिकडं गेली. अशाच एका दिवशी मी पहिल्या पाळीला होतो. सुजातानं सकाळी दळण टाकलं होतं. अंगात कणकण होती, पण मला बोलली नव्हती. दुपारचे दोन वाजले तरी ती डबा न्यायला आली नाही. गिरणीवाल्यानं शेवंताआक्काला हाक मारली, "आक्का, कांबळीण आली न्हाय अजून. बघून या जरा." त्या वेळी दोघींचा अबोला चालू होता. तरी आक्का गेल्या. दार आतून लावलेलं होतं आणि प्रज्ञा आत रडत होती. चौघांनी मिळून कडी तोडली. सुजाता तापानं बेशुद्ध होऊन पडली होती.

मी संध्याकाळी दवाखान्यात पोचलो तेव्हा सलाईन लागलं होतं आणि सुजाता डोळे उघडून बघत होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, आणखी दोन-तीन तास गेले असते तर काही सांगता आलं नसतं. बाहेर बाकावर शेवंताआक्का मांडीवर प्रज्ञाला झोपवून बसल्या होत्या. गल्लीतली आणखी सहा-सात माणसं होती. कारखान्यातून कुणाकडून तरी कळल्यामुळं मामाही आले होते. ते आत आले नाहीत. दारातूनच सुजाताकडं बघितलं आणि मागं सरले.

मी त्यांना बस स्टॉपपर्यंत सोडायला गेलो. दिवस मावळत होता. त्यांना स्टोअरसमोर काय काय सुनावलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं आणि माझी मलाच लाज वाटत होती.

"मामा, त्या दिवशी मी नको ते बोललो."

"बरूबर बोलला तुम्ही. नव्हतंच मागं कोन." ते स्टॉपच्या कट्ट्यावर बसले. मग म्हणाले, "आमचं मानूस बी तापातच गेलं."

आम्ही सगळे मामांना बिनलग्नाचे समजत होतो.

"नवं लगीन. गावाकडनं आनल्याली. मी हिकडं एका फौंड्रीत होतो. खोली बघितली, रंग नवा, भाडं कमी, घिऊन टाकली. एकदा दोन पाळ्या लागून केल्या. घरला आलो तर..." त्यांनी हात उलटा केला. "शेजारची मानसं वाईट न्हवती, पावणं. लई रडली बिचारी. म्हनली, हितं बाई ऱ्हात्याय ह्येच आमाला ठावं न्हवतं."

सुजाता वाचली याचा आनंद आणि हे दुःख एकाच वेळी अंगावर आलं. सांत्वनाचं काहीतरी बोलायला हवं होतं, पण तोंडून भलतंच निघालं.

"मामींचं नाव काय होतं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. असं कुणी विचारेल याची तयारी नसावी.

"हलीमा," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा म्हणाले, "हलीमा." पण हे दुसऱ्यांदा म्हणणं माझ्यासाठी नव्हतं.

बस आली. मामा उठले नाहीत. कंडक्टरनं दोनदा विचारलं, मग घंटी देऊन निघून गेला.

"दुसरी यील की," मामा म्हणाले, आणि जरा सरकून कट्ट्यावर त्यांनी माझ्यासाठी जागा केली. मी बसलो, आणि मामा मला हलीमामामींबद्दल सांगायला लागले.