एकशे चौदा बोडक्या कॅसेटी

हेवी मेटल संगीताचे एकूण प्रकार किती, हे अख्ख्या सुरतेत एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो बमरोलीत राहत होता. निदान हेमराजचं स्वतःबद्दल तसं ठाम मत होतं! रद्दीत मिळालेल्या एका परदेशी मासिकातून त्याने सगळे प्रकार वहीत उतरवून घेतले होते. थ्रॅश, डेथ, डूम, ब्लॅक, पॉवर, स्पीड. प्रत्येकाखाली लाल रेघ!

ही वही काखेत मारूनच तो अठवा लाइन्सच्या किरीटभाईंच्या कॅसेटच्या दुकानात गेला. किरीटभाई रडकुंडीला आले होते. बंद पडलेल्या एका दुकानाचा माल त्यांनी उचलला, त्यात एकशे चौदा हेवी मेटल कॅसेटी निघाल्या आणि सगळी कव्हरं आणि नावाच्या चिठ्ठ्या उंदरांनी खाल्लेल्या!

"बधुं धांय-धांय एक ज लागे छे," किरीटभाई म्हणाले. "कॉलेजवाळा एक मागे, हुं बीजुं आपुं. पाछा आवीने झगडो करे!" कोण काय मागतं आणि आपण काय देतो, याचा त्यांना पत्ताच लागत नव्हता.

"शेठ, रविवारपर्यंत सगळ्यांची वर्गवारी करून देतो!"

"करी आप, तो सोमवारथी काउंटर तारो!"

हेमराजला हे काउंटर हवंच होतं. कारण सोमवारचा दुसरा बेत घरी शिजत होता. त्याचे वडील सुकलाल खानदेशातून येऊन वीस वर्षं कापडाच्या लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवत होते आणि पोरासाठीही चार लूमची जागा बघून बसले होते. काउंटर नाही मिळालं, तर सोमवारी सकाळी आठला पोरगा कारखान्यात!

शनिवारी दुपारी हेमराजने टेपरेकॉर्डर खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवला. भिंतीपलीकडे तोच कारखाना, चोवीस लूम धडधडताहेत. त्यांच्या वर ऐकू यावं म्हणून त्याने आवाज शेवटच्या टोकाला नेला.

"पोऱ्या, बाप जपेल शे! रातपाळी करीसन उना तो!" आई भागीरथी झोपलेल्या सुकलालांकडे बोट दाखवत ओरडली.

पण सुकलाल घोरत होते. बारा तास लूममध्ये काढणाऱ्याला आवाजाने जाग येत नाही.

जाग आली ती पलीकडच्या लोटू मास्तरला! लूमची दुरुस्ती करणारा हा माणूस कानाने काम करायचा. भिंतीजवळ खडखडाट ऐकून तो दचकला. धोट्याला धक्का देणारा पिकर तुटला की असाच आवाज येतो!

"पिकर तुटना! पंधरा नंबर बंद करा!"

पंधरा बंद झाली. खडखडाट चालूच! सोळा बंद केली. तरी चालू! सतरा, अठरा... शेवटी लोटूने मेन स्विचच खाली ओढला. चोवीसच्या चोवीस लूम गप्प झाल्या आणि त्या शांततेत एक लूम मात्र जोरात चालतच राहिली! वर तिच्यातून कुणीतरी गळा फाडून ओरडत होतं.

"आरे बाप! लाईट बंद शे, नि लूम चाली ऱ्हायनी!"

कामगार चपला टाकून बाहेर पळाले. आणि इकडे, सगळं शांत झाल्याबरोबर, सुकलाल ताडकन उठून बसले!

"काय व्हयनं? कारखाना काबर बंद?"

पाच मिनिटांत लोटू आणि दहा-बारा कामगार आवाजाचा माग काढत दारात हजर. हेमराजला वाटलं, आता मार खाणार. पण सुकलालांनी हात वर केला. ते कान देऊन ऐकत होते.

"पिकर नही तुटेल, मास्तर. ढिला शे. दुसरी लाव रे!"

दुसरी लागली. "इना बीम जड शे," सुताचा रूळ जड झाल्यासारखा संथ आवाज ऐकून लोटू म्हणाला. तिसरीला सगळे एका सुरात ओरडले, "ताणा तुटना!"

"अहो, हे थ्रॅश आहे! तुम्हाला काय कळतं त्यातलं?" हेमराज कळवळून म्हणाला.

कुणी ऐकेल तर शपथ! कारखान्याच्या शेठचा माणूस शिव्या देत आला, तेव्हा कुठे सगळे कामावर गेले. सुकलालांनी मात्र उरलेली झोप सोडली आणि एकेक कॅसेट ऐकून पाठीवर खडूने लूमचं दुखणं लिहीत गेले. हेमराजने त्याच कॅसेटींच्या पुढच्या बाजूला, वही बघून, आपल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. तोंडं फिरवून बाप-लेक एकाच खोक्यावर कामाला लागले होते!

रविवारी दुकानात गर्दी. खोकं उचलायला मदत म्हणून आलेले सुकलाल स्टुलावर बसून होते.

"भैया, डूम है?" एका केसाळ पोराने विचारलं.

हेमराजने रुबाबात कॅसेट दिली. पोराने लावून बघितली. "ये तो थ्रॅश है!" दुसरी दिली. "ये पॉवर है!" तिसऱ्या वेळी पोरगा हसायलाच लागला. किरीटभाईंचा चेहरा पडला. हेमराज घाईघाईने वही चाळू लागला.

"तुले कसं पायजे, भाऊ?" सुकलालांनी मध्येच विचारलं.

"अंकल, एकदम धीरे. बहुत भारी. जैसे पत्थर खींच रहे हों."

"मंग असं सांग ना! बीम जड!" त्यांनी कॅसेटी उलट्या करून एक काढून दिली.

पोराने ती लावली आणि डोळेच मिटले. "अंकल! ऐसी और है?"

"नऊ शेत."

संध्याकाळपर्यंत खोकं रिकामं झालं. जाताना पोरं सुकलालांच्या पाया पडून गेली! किरीटभाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "काका, सोमवारथी काउंटर तमारो!"

सुकलालांना कसंनुसं झालं. "आन मन्या लूम? त्या कोन चालाडी?" ते म्हणाले आणि मग हळूच दोघांनीही हेमराजकडे बघितलं.

सोमवारी आठला हेमराज कारखान्यात उभा होता. वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं, पण हार मानणाऱ्यांतला तो नव्हता! त्याने वही उघडली, नवं पान काढलं, लाल रेघ मारली.

"लोटूमामा, आधी या चोवीस लूमचे प्रकार पाडून घेऊ!"

लोटूने शांतपणे वही त्याच्या हातातून घेतली, दुमडली आणि डुगडुगणाऱ्या एकोणीस नंबरच्या पायाखाली सरकवली.

"बेस व्हयनं! आते हालाव नही."