रत्नदीप दोन्ही बाजूंनी बोलला

शहापूर तालुक्यात आपल्याला वादात हरवेल असा माणूस नाही, आणि मुरबाड तालुक्यात असलाच तर तो अजून समोर आलेला नाही, याबद्दल रत्नदीप साळवेच्या मनात कसलीही शंका नव्हती. शहापूरच्या एका हायस्कुलात तो प्रयोगशाळा सहायक होता. दिवसभर परीक्षानळ्या धुवायच्या आणि संध्याकाळी आटगाव स्टेशनाबाहेरच्या टपरीवर बसून सरकारं धुवायची, असा त्याचा वीस वर्षांचा नेम. राज्यातलं, केंद्रातलं, वेळ पडली तर परदेशातलंही सरकार तो एका कटिंगमध्ये स्वच्छ करून द्यायचा.

त्याचं एक तत्त्व होतं. बाजू कुणाचीही घ्यावी, पण मुद्दा खरा पाहिजे. खोटं बोलून जिंकलेला वाद त्याला कॉपी करून मिळवलेल्या मार्कांसारखा वाटे. म्हणून त्याच्याकडे कात्रणांच्या, माहितीच्या अधिकारात मिळवलेल्या कागदांच्या सतरा फायली होत्या, आणि त्यातल्या तारखा त्याला पाढ्यांसारख्या पाठ होत्या. बायको प्रमिला म्हणे, की माझा वाढदिवस एखाद्या फायलीत लावून ठेवा, म्हणजे तोही लक्षात राहील.

तर एप्रिलमध्ये बातमी आली, की मुंबईच्या एका वृत्तवाहिनीची गाडी शहापुरात येणार आहे. भर चौकात मांडव घालून पाणीप्रश्नावर थेट चर्चा होणार होती. सत्ताधाऱ्यांकडून सुरेंद्रशेठ, विरोधकांकडून हेमंतभाऊ, आणि तिसऱ्या खुर्चीवर निष्पक्ष अभ्यासक म्हणून रत्नदीप साळवे. वाहिनीला त्याचं नाव टपरीवाल्याने सुचवलं होतं. त्यालाही एक संध्याकाळ शांतता हवी असावी.

रत्नदीपने नवा सदरा शिवायला टाकला. त्याच्या करवंदपाड्याला तर हा आपलाच विषय होता. मुंबईला पाणी नेणारे माणसापेक्षा उंच नळ पाड्याच्या कडेने गेलेले, आणि पाड्यात मात्र एक दिवसाआड टँकर. नऊ वर्षांपूर्वी मंजूर झालेली नळयोजना टाकी आणि पाइप एवढ्यावर येऊन थांबली होती. शेजारची तानीकाकी संध्याकाळी त्याच्या पडवीत येऊन बसली. साठीची बाई, गावची अर्धी भातलावणी हिच्या हातून झालेली, बोलणं थोडं आणि नेमकं.

“रतन, तू आमचा म्हनून जातंस. पान्याचा काय ता नीट बोल,” ती म्हणाली.

रत्नदीपने तिला सांगितलं, की काकी, दोघांनाही असा कोंडीत पकडतो की पुढच्या महिन्यात नळाला पाणी. ती उठून घरी गेली. पण चर्चेच्या दिवशी पाड्यातल्या पंधरा-वीस बायका जीप करून शहापूरला आल्या आणि अगदी पुढच्या रांगेत बसल्या.

पाच वाजता चर्चा थेट सुरू व्हायची होती आणि पावणेपाचला सुरेंद्रशेठचा पत्ता नव्हता. ते गावाबाहेरच एका हळदीला गेले होते आणि यजमान जेवल्याशिवाय सोडत नव्हते. सूत्रसंचालन करणारी नेहा नावाची मुलगी घामाघूम झाली. रिकामी खुर्ची दाखवली तर वरून बोलणी खायची, आणि सुरेंद्रशेठचे कार्यकर्ते माइक दिसताच मागे मागे सरकत होते.

रत्नदीपने सदऱ्याची कॉलर सारखी केली. शेठ येईपर्यंत सरकारची बाजू मी मांडतो, तो म्हणाला. नेहाने विचारलं, जमेल का. तो नुसता हसला. तरण्या पोराला विहिरीत पोहशील का असं विचारल्यावर तो जसा हसेल तसा.

पहिलाच प्रश्न करवंदपाड्याचा आला. नऊ वर्षं योजना रखडली, सरकार झोपलंय का? रत्नदीपने माइक जवळ ओढला.

“सरकार झोपलंय म्हणणं अन्यायाचं आहे,” तो म्हणाला. “या एकाच योजनेचं भूमिपूजन चार वेळा झालं. तारखा माझ्याकडे आहेत. झोपेत कोण चार वेळा नारळ फोडतं?”

चौकात हशा पिकला. रत्नदीपला वाटलं, मुद्दा पोचला. त्याला आणखी जोर चढला. पाइपांचं म्हणाल, तर सगळे जागच्या जागी आहेत; करवंदीच्या जाळ्यांनी ते असे धरून ठेवलेत की चोराची हात लावायची हिंमत नाही, याला म्हणतात कायदा-सुव्यवस्था. टाकीच्या दर्जावर विरोधक शंका घेतात, पण सहा वर्षांत त्या टाकीतून पाण्याचा एक थेंब गळालेला नाही, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. हेमंतभाऊंनी तर बोलणंच सोडून दिलं होतं. ते डोळे पुसत होते आणि रत्नदीपला हाताने ‘चालू द्या, चालू द्या’ म्हणत होते.

तिकडे हळदीच्या पंगतीत सुरेंद्रशेठ हे सगळं फोनवर पाहत होते. चौथा नारळ फुटला तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला. टाकीचा विषय येईपर्यंत ते गाडीत होते. जाहिराती लागल्या आणि कपाळाला हळद तशीच ठेवून ते मांडवात शिरले. त्यांनी रत्नदीपचा दंड धरून त्याला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले.

आता हेमंतभाऊ भडकले. इतकी चांगली चाललेली चर्चा मोडायची, म्हणजे काय? अर्ध्यावर प्रतिनिधी बदलता येत नाही, साळवेच सरकारचे खरे प्रवक्ते आहेत, त्यांनाच बसवा, असा त्यांनी हट्टच धरला. सुरेंद्रशेठ हलेनात. शेवटी हेमंतभाऊंनी लोकशाहीची हत्या झाल्याचं जाहीर केलं आणि कार्यकर्त्यांसह सभात्याग करून ते समोरच्या रसवंतीगृहात जाऊन बसले.

जाहिराती संपायला वीस सेकंद होती आणि आता विरोधकांची खुर्ची रिकामी. नेहाने रत्नदीपकडे पाहिलंच नव्हतं, तोवर तो तिथे जाऊन बसलाही होता. विरोधी पक्षाची जागा मोकळी राहणं संसदीय परंपरेला शोभत नाही, असं त्याने तिला समजावलं. सुरेंद्रशेठच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्यांनी पहिला प्रश्न स्वतःच टाकला: तुमच्या पक्षाची दहा वर्षं सत्ता होती, तेव्हा तुम्ही काय केलं?

“आम्ही पाणी देऊ असं कधी म्हटलंच नव्हतं,” रत्नदीप शांतपणे म्हणाला. “आश्वासन मोडायला आधी ते द्यावं लागतं. आमच्याविरुद्ध असा एक तरी कागद दाखवा.”

रसवंतीगृहात हेमंतभाऊंचा ग्लास तोंडापाशी थांबला.

रत्नदीपने मग आंदोलनांची फाइल उघडली. विरोधी पक्ष म्हणून आम्ही दर मार्चमध्ये हंडा मोर्चा काढतो, नऊ वर्षांत एकदाही खंड नाही, आणि हंडे तेच नऊ वर्षं वापरतो, उधळपट्टी नाही. हेमंतभाऊंनी तर पाण्यासाठी आमरण उपोषण केलं. सकाळी अकराला बसले आणि जनतेच्या आग्रहाखातर दुपारी दीडला जेवायला उठले. योजना पूर्ण झालीच तर मोर्चा कशासाठी काढायचा, याचा विचार सरकारने केलेला नाही, हा त्याचा शेवटचा आरोप होता. सुरेंद्रशेठ टेबलावर हात आपटून हसत होते. हेमंतभाऊ रस्ता ओलांडून धावत आले, पण सभात्याग त्यांनी थेट प्रक्षेपणात केला होता, आणि त्यांच्याच कार्यकर्त्यांनी त्यांना धरून ठेवलं. परत गेलात तर हसं होईल, असं ते म्हणत होते. तेवढं तर झालंच होतं.

रत्नदीप घरी आला तो तरंगतच. आयुष्यात प्रथमच त्याने एका बैठकीत दोन्ही बाजू जिंकल्या होत्या. प्रमिलाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, पण अहो, पाण्याचं पुढे काय ठरलं? तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की तिसऱ्या खुर्चीवर बसायचं राहूनच गेलं होतं. पाड्याची मागणी अशी त्याने मांडलीच नव्हती. रात्रीच्या जेवणात भात तसाच राहिला, आणि तानीकाकीला कसं तोंड दाखवावं याचा एकही मुद्दा त्याला सुचेना.

सकाळपर्यंत त्याच्या बोलण्याचे तुकडे तालुकाभर फिरले होते. पोरं सुरेंद्रशेठच्या गाडीसमोर नारळ धरून उभी राहत होती आणि हेमंतभाऊ दिसले की दीड वाजला का म्हणून विचारत होती.

नऊ वाजता सुरेंद्रशेठ पेढ्यांचा पुडा घेऊन करवंदपाड्यात आले. रत्नदीपची कळी खुलली. शेठनी त्याच्या अभ्यासाचं खूप कौतुक केलं आणि सांगितलं, की शनिवारी हीच चर्चा मुरबाडला आहे, तुम्ही बोललंच पाहिजे. रत्नदीपने विनयाने मान झुकवली आणि तुमच्यातर्फे बोलतो म्हणाला.

“आमच्यातर्फे नको हो,” सुरेंद्रशेठ घाईने म्हणाले. “समोरच्यांतर्फे बोला. तिथे तुम्ही फार खुलता.”

ते पडवीत बसलेले असतानाच हेमंतभाऊ हार घेऊन आले. त्यांचीही तीच विनंती होती, फक्त उलट. दोन्ही पुढारी हार आणि पेढे मांडीवर घेऊन एकमेकांकडे न बघता बसले. रत्नदीपने विचार केला, आणि दोघांचाही मान राहावा म्हणून शनिवारी पहिला अर्धा तास शेठच्या खुर्चीवर आणि दुसरा अर्धा तास भाऊंच्या खुर्चीवर बसायची तयारी दाखवली. शिवाय आता त्याच्याकडे पाच दिवस होते, उरलेल्या पंधरा फायली वाचून होतील, हेही सांगितलं.

हेमंतभाऊंनी हाराची दोन फुलं कुस्करली.

तानीकाकी केव्हाची दाराशी उभी होती. ती आत आली आणि खांबाला टेकून बसली.

“शेठ, भाऊ,” ती म्हणाली. “शनवारी याला घरी ठेवाचा काम माजा. नळाला पानी येस्तवर तुमी दोगांनी मिलून बगाचा. पानी नाय आला, तं मी सोता त्याला पुडच्या चर्चेच्या जीपमधी बसवीन.”

रत्नदीप काही सांगायला उठत होता. काकीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो बसला.

मग जे झालं ते पाड्याने कधी पाहिलं नव्हतं. नऊ वर्षांचं काम अठरा दिवसांत झालं. जाळ्या तोडून पाइप मोकळे केले, सुरेंद्रशेठनी ठेकेदार आणला, हेमंतभाऊंनी वीजजोडणीसाठी कचेरीत ठाण मांडलं, या वेळी दीड वाजल्यानंतरही. भूमिपूजन कुणीच केलं नाही. मुरबाडची चर्चा रत्नदीपविना झाली आणि म्हणे फारच कंटाळवाणी झाली. त्या शनिवारी तो तानीकाकीच्या घराची कौलं परतत होता.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी पाड्याच्या नळाला पाणी आलं. आधी हवा, मग गंज, मग एकदम स्वच्छ धार. टाकी दोन ठिकाणी गळत होती, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. बायका हंडे घेऊन धावल्या. रत्नदीप नवा सदरा घालून नळापाशी उभा होता. अठरा दिवसांत तो जेवढं गप्प राहिला होता तेवढा जन्मात राहिला नव्हता, आणि आता त्याला राहवेना.

“बघितलंस ना काकी,” तो म्हणाला, “मी बोललो आणि पाणी आलं.”

तानीकाकीने धारेखाली हात धरून तोंडावर पाणी मारलं.

“बोललास म्हनून नाय रं बाला,” ती म्हणाली. “गप बसलास म्हनून आला.”

यावर रत्नदीपकडे दोन मुद्दे तयार होते, आणि दोन्ही खरे होते. पण तेवढ्यात काकीचा हंडा भरला आणि तिने त्याला तो उचलायला सांगितलं.