जाधवकाका आणि अस्सल डिंक

जाधवकाका पोस्टाच्या तिकिटाला आधी ओठ लावतात, मग आलेल्या माणसाला ‘या, बसा’ म्हणतात. खोटं नाही सांगत! जर्मनीत ब्राउनश्वाइगला त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, त्याच दिवशी मी मीठ मागायला खाली गेले. तर दारात काका उभे, चिमट्यात एक जुनं तिकीट, आणि ते खालच्या ओठावरून हळूहळू फिरवतायत. म्हटलं, झालं! घर मिळालं तेही वेड्याच्या डोक्यावर.

काकांनी वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यात आयुष्यभर गाड्यांचा रंग तपासला. आता निवृत्तीनंतर डिंक तपासतात. जुन्या कोऱ्या तिकिटाच्या मागे छापखान्यातलाच डिंक शाबूत असेल, तर त्याचा मान काही औरच. म्हणून लबाड लोक डिंक गेलेल्या तिकिटाला नवा डिंक फासतात. पण तिकीट फाडताना कडेच्या दात्यांना मऊ तूस आलेलं असतं. मागाहून फासलेला डिंक त्यात मुरतो आणि दाते कडक होतात. ते बोटाला कळत नाही, ओठाला कळतं. “टोचलं की संपलं!” हा काकांचा निकाल, आणि त्यावर अपील नाही.

ओठ कोरडे हवेत म्हणून तपासणी होईपर्यंत चहा बंद. सुमनकाकू कप घेऊन ताटकळतात आणि मला म्हणतात, “बघतेस ना? माझ्यापेक्षा त्या चिटोऱ्यांचे लाड जास्त.”

‘मागची बाजू दाखव’ हे काकांचं दुसरं पालुपद. माझा मीटफेरट्राग, म्हणजे घरभाड्याचा करार, वाचायला दिला, तर त्यांनी तो आधी उलटा केला. नवी साडी दाखवली, तीही उलटी केली. माझ्या बहिणीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो पाहून म्हणाले, “समोरून काय, सगळेच बरे दिसतात.” त्यांच्या तिकीटवाल्यांच्या फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात, तर सगळे त्यांना टरकून असतात. एक आजोबा मोठ्या मायेने म्हणाले, हे तिकीट माझ्या आजोबांचं. काकांनी ओठ लावला. “आल्झो, आजोबा अस्सल असतील. डिंक नाही.” बिचारे आजोबा!

एकदा काकूंनी मला काकांचा लाडका आल्बम दाखवला. साताऱ्याला पोस्टात असलेल्या मामांनी काकांना शाळेत असताना दिलेली जुनी, कोरी भारतीय तिकिटं. काकू अभिमानाने म्हणाल्या, “लग्न होऊन इथे आले ना, तेव्हा मीच धुतली ही सगळी. मागे नुसती चिकट! म्हटलं, मुंग्या लागतील. एकेक कोमट पाण्यात घालून, टॉवेलवर वाळवली. हे अजून नाव काढतात.”

अहो, धुतली म्हणजे डिंक गेला! अख्ख्या आल्बमचा! आणि काकूंना याचा पत्ताच नव्हता.

मागच्या रविवारी फेराइनचे अध्यक्ष हेर लिंडेमान जेवायला आले. मीही होते. काकूंनी बटाटेवडे तळले आणि वर हौसेने तो आल्बम त्यांच्यापुढे ठेवला. काकांचा घास तोंडातच राहिला. लिंडेमाननी एक तिकीट उलटं केलं, दुसरं केलं, भुवया चढवल्या. “ओहने गुमी? एकालाही डिंक नाही?”

काकूंना एवढं जर्मन उत्तम कळतं. त्यांचा हात वड्यांच्या ताटावरच थांबला. मी देवाचं नाव घेतलं.

“आमच्याकडे हवा दमट,” काका शांतपणे जर्मनमध्ये म्हणाले. “डिंक आपोआप चिकटतो. म्हणून ही बिनडिंकाचीच छापायचे.”

धडधडीत थाप! ती जाधवकाकांच्या तोंडून! लिंडेमान काही कच्चे नाहीत. त्यांनी काकांकडे पाहिलं, मग काकूंकडे. “जा, जा. गेनाऊ,” म्हणजे ‘हो, हो, अगदी बरोबर’ म्हणाले आणि वडा उचलला.

पण काकू कसल्या ऐकतायत! “अहो, असं काय? चिकट होती की! मीच नाही का काढलं?”

“अगं, तो मळ होता,” काका म्हणाले. “तू काढलास म्हणून तर टिकली.”

काकू खुलल्या. लिंडेमानच्या ताटात त्यांनी आणखी दोन वडे वाढले.

निघताना काका मला दारापर्यंत सोडायला आले. मला राहवेना. हळूच विचारलं, “काका, डिंक होता ना?”

“होता. एक नंबर अस्सल.” त्यांनी आत डोकावून पाहिलं. काकू लिंडेमानना वड्याची कृती हातवारे करून सांगत होत्या. “नवीन आली होती गं इथे. भाषा येत नाही, कुणाशी बोलायची सोय नाही, मी दिवसभर कामावर. संध्याकाळी आलो तर ही दारातच उभी. हात पाण्याने पार सुरकुतलेले, आणि चेहऱ्यावर इतका आनंद! इथे आल्यापासून पहिल्यांदा हसत होती. मी म्हणालो, वा, काय चकचकीत केलीस!”

मग खांदे उडवून म्हणाले, “आता एकदा म्हटलं म्हणजे म्हटलं.”