कण्ह बघू

नवा माणूस भेटला की आपण नाव-गाव विचारतो. शैलाताई म्हणायच्या, "कण्ह बघू."

लग्न होऊन मी नुकतीच जपानात, टोकियोजवळच्या उरायासुला आले होते. लिफ्टमध्ये या बाई भेटल्या आणि मला कण्हायला लावलं. मी लाजत लाजत "आई गं" म्हटलं. "ही दाढदुखी झाली," ताई म्हणाल्या. "बाळंतपणाचं कण्ह."

त्या वर्षांत आमच्या बिल्डिंगमध्ये आयटीवाली कुटुंबं धडाधड येत होती. जपानची ॲम्ब्युलन्स फुकट येते, लगेच येते. पण फोनवर जपानीत पत्ता सांगावा लागतो, आणि आमच्यातल्या निम्म्यांना तो मराठीतही धड सांगता येत नसे. म्हणून ताईंनी एक जुनी पांढरी व्हॅन घेतली आणि मागे गादी टाकली. फोनवर कण्हणं ऐकून त्या आधी कुणाकडे धावायचं ते ठरवायच्या. त्यांचा नवरा दूर नागोयाला, मोटारींच्या कारखान्यात. "तुम्ही तिकडे का नाही जात?" विचारलं की म्हणायच्या, "मग इथल्या पोटांकडे कोण बघणार?"

सायरन नव्हता. म्हणून खिडकी खाली करून "सुमिमासेन, सुमिमासेन", म्हणजे 'माफ करा, माफ करा', ओरडत जायच्या. लोक माफ करायचे, बाजूला व्हायचे, वर वाकून नमस्कारही करायचे. सिग्नल मात्र बाईंनी जन्मात तोडला नाही. रविवारी सराव असे. माझ्याकडे लायसन्स, म्हणून मी राखीव ड्रायव्हर. माझा नवरा पेशंट. "कण्हा नीट, समीरराव, मीटिंगमध्ये बसल्यासारखे पडू नका." पुढे मला खऱ्या कळा आल्या तेव्हा ताईच घेऊन गेल्या, आणि वाटेत माझ्यापेक्षा मोठ्याने त्याच ओरडल्या.

एका सकाळी त्यांचा फोन आला. "मीनल, व्हॅनची किल्ली तुझ्या टपालपेटीत टाकलीय. कुणाला लागली तर तू ने."

"आणि तुम्ही?"

"बस स्टॉपवर आहे. जरा पोट दुखतंय, दाखवून येते."

आवाज अगदी सपाट. साधी ठेच लागली तरी बिल्डिंग डोक्यावर घेणारी ही बाई, आणि आज एकदाही कण्हली नाही. बाळ शेजारच्या जपानी आजींच्या हातात दिलं आणि व्हॅन काढली.

ताई बाकावर पर्स पोटाशी दाबून बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक, घामाने निथळलेला.

"ताई, दारात व्हॅन असताना बस?"

"अगं, मी व्हॅन नेली आणि तेवढ्यात कुणाला लागली तर?"

"मग मला हाक मारायची."

"मलाही कुणी नेऊ शकतं, हे डोक्यातच आलं नाही गं."

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. धरून गादीवर आडवं केलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

"आता कण्हा बघू," मी म्हटलं.

ताई आधी हसल्या. मग कण्हल्या, आणि कण्हता कण्हता लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. मी खिडकी खाली करून "सुमिमासेन" म्हटलं.

मागून हुंदक्यातून आवाज आला, "मोठ्याने म्हण गं. पेशंट आहे गाडीत."