टोपीकरांच्या दमडीवरील पाखराची हकीकत

श्रीचरणीं मस्तक ठेवून, ऐकिले तैसे लिहितो. उणे अधिक पडल्यास दोष धुक्याचा. शके १८५९, ईश्वरनाम संवत्सरे, सातां समुद्रांपलीकडे टोपीकर इंग्रजांच्या मुलखीं नवे राजे सिंहासनीं बसले आणि नवी नाणी पाडावी ऐसा हुकूम जाहला. त्या मुलखीं धुके ऐसे की टांकसाळ ढगात तरंगते की काय ऐसे वाटावे. दमडी म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. तीवर पूर्वी भाला धरून बाई बसलेली असे. ती उठवून तेथे काय बसवावे, हे काम एडविन नामे वृद्ध कारागिराकडे आले. त्याची बाईल मेबल, तिची दृष्टी मावळत चालली होती आणि अंगणातले रेन नामे पाखरू, चिमणीहून लहान, शेपटी सदा उभी, तेवढे तिने शेवटी डोळे भरून पाहिले. मग एडविन बोलिला, "डोळे गेले तरी हे पाखरू तुझ्या हाती देईन."

मग त्याने पोलादाच्या ठशावर पाखरू कोरिले आणि टांकसाळीचे कारभारी पाहून संतापले, की "एके अंगी महाराजांचे मुख आणि दुसरे अंगी पाखराने शेपटी वर करावी? ही बेअदबी! शेपटी खाली आणा." एडविन म्हणे, "सरकार, शेपटी पडली की पाखरू दुसरेच जाहले." कारभारी ऐकेनात. मग दोन्ही तऱ्हेचे नमुने पाडिले आणि खरे पाखरू कोणते हे सांगावयास मेबलबाईस बोलाविले. तोवर बाई पुरती आंधळी जाहली होती. पडल्या शेपटीवर अंगठा फिरवून बोलिली, "असेल कुठली चिमणी." एडविनाचा चेहरा उतरला. मग दुसऱ्या दमडीवर अंगठा थबकला आणि बाई हसली, "अहो, आले की आपले पाखरू! उडेल आता," म्हणोन तिने मूठ मिटली. तेव्हा दालनातील सारे जन वर पाहू लागले, जणू पंख वाजले. कारभारीही वर पाहत राहिले आणि बेअदबी विसरून शिक्का मंजूर केला.

मग वर्षे लोटली, एडविन निवर्तला आणि शके १८८२ मध्ये दमडी चलनातून उठली. पेढीवरील कारकून मेबलबाईच्या हाती तीच दमडी पाहून म्हणाला, "आजीबाई, यास आता मोल नाही. द्या इकडे." बाई म्हणाली, "नसू दे, बाबा. त्यांचा हात आहे हा, माझ्या हातात."

सारांश, दमडी अवघ्या राज्यातून गेली, एका मुठीतून गेली नाही. इतकेच वर्तमान.