उजवा कौल

आमच्या कॉलनीतले सुभेदार आनंदराव समोरच्याला रामराम घालतात आणि लगेच पुढे म्हणतात, "असला तर."

हे ते विनोदाने म्हणत नाहीत. सुभेदार विनोद करत नाहीत. फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात आल्यापासून त्यांनी एकच काम अंगावर घेतलं आहे, ते म्हणजे देवाची चौकशी. चौकशी पुरी होईपर्यंत देव आहे असं धरायचं नाही आणि नाही असंही धरायचं नाही, हा त्यांचा दंडक. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो. आमच्याकडे देवाच्या अस्तित्वावर एक प्रकरण होतं आणि पोरं ते ऑप्शनला टाकायची. सुभेदारांनी ते कधीच ऑप्शनला टाकलं नाही. म्हणून मला ते आवडतात, आणि सकाळी फिरायला जाताना मी शक्यतो त्यांचा रस्ता टाळतो.

शेजारी सत्यनारायण होता. गुरुजींनी आवाहनासाठी अक्षता उचलल्या, तेवढ्यात सुभेदारांनी हात वर केला.

"गुरुजी, देव सगळीकडं हाय न्हवं?"

"हो तर."

"ह्या चौरंगावरबी?"

"अर्थात."

"मग बोलवताय कुणाला? जो हजर हाय त्याचीच परत हजेरी?"

गुरुजींनी सांगितलं की त्यांना गोडोलीला दुसरी पूजा आहे. हे उत्तर सुभेदारांनी ग्राह्य धरलं नाही. प्रसादाचा शिरा मात्र मागून घेतला.

त्यांचे जावई फलटणचे, उसाचे बागायतदार. दिवाळीला आले तेव्हा पहिल्या चहालाच सुभेदारांनी त्यांना धरलं.

"जावईबापू, देव म्हंजी सर्वशक्तिमान. मग त्याला सोताला वढता येणार न्हाई एवढा ऊस ट्रॉलीत भरता येतो का त्याला?"

जावयांनी बशी खाली ठेवून विचार केला. "मामा, ते तर आमचा ड्रायव्हर रोज करतोय."

त्या वर्षी तो विषय परत निघाला नाही.

त्यांच्या तोडीस तोड असा एकच माणूस, गाद्या भरणारे कासीमभाई. दोघांची संध्याकाळ दुकानासमोरच्या बाकावर जाते. एकदा सुभेदार म्हणाले, "कासीमभाई, तुमच्या अल्लाला समदं आधीच ठावं हाय. मग दुवा कशाला मागायची?"

"आमच्या आईला ठावं असायचं आमाला भूक लागलीया," कासीमभाई सुईत दोरा ओवत म्हणाले. "तरी मागायचोच की. मागून घेतल्याली भाकरी लय गोड लागती, सुभेदार."

"हा पुरावा न्हवं," सुभेदार म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "पण मुद्दा हाय."

काकींचा, म्हणजे सुभेदारांच्या बायकोचा, मात्र सगळ्यावर सरसकट विश्वास. शिराळ्याकडच्या त्यांच्या गावचा भैरोबा, दर्ग्यातले पीर, रस्त्यात शेंदूर फासलेला दगड, सगळ्यांना त्यांचा सारखाच नमस्कार. त्यांना देव आणि नवरा दोघेही निमूट चालवून घ्यायची सवय आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आत्ता केलं तर चालतील, नाहीतर खाटेवरून उठणं अवघड होईल. काकींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भैरोबाचा कौल घेतल्याबिगर मी सुरी लावून घेणार न्हाई."

देऊळ टेकडीवर, त्यांना चढवेना. लेक जाऊन येते म्हणाली. काकी म्हणाल्या, "नगं. ती माझ्या मायेपोटी कायबी सांगंल. ह्यास्नी धाडा. ह्यांच्या तोंडनं खोटं यायचं न्हाई."

हे खरं होतं. लेकीच्या लग्नात व्याह्यांनी जेवण कसं झालं विचारलं, तेव्हा सुभेदारांनी खरं सांगितलं होतं. व्याही पुढे बरेच दिवस आले नाहीत.

गाडी माझी होती, म्हणून मीही गेलो. वाटभर सुभेदार मला कौलाचं शास्त्र समजावत होते. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या लावायच्या, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "पानी वाळलं की कळी पडती. ह्यात देव कुठं आला, सर?"

देवळात त्यांनी आधी पंखा बंद करायला लावला. गुरवाने कळ्या लावून गाऱ्हाणं घातलं. सुभेदार सावधानमध्ये उभे राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग कळी पडली. डावी.

"परत लावा," सुभेदार म्हणाले.

"एका कामाला एकदाच, सुभेदार."

परतताना कराड मागे पडलं. मग सुभेदार म्हणाले, "कळी हाय ती, सर. निस्ती कळी."

घरी काकी उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. "काय झालं, आवं?"

"उजवा," सुभेदार म्हणाले आणि बूट काढायला खाली वाकले. बूट काढायला त्यांना फार वेळ लागला. काकींनी पदर डोळ्यांना लावला. मी अंगाऱ्याची पुडी त्यांच्या हातात दिली आणि घरी आलो.

ऑपरेशनच्या दिवशी काकींना आत नेलं आणि बाकावरून सुभेदार नाहीसे झाले. ते मला जिन्याखाली सापडले. तिथे दवाखान्यातल्या लोकांनी एक छोटा गणपती बसवला आहे. सुभेदार त्याच्यासमोर अनवाणी उभे होते आणि ड्यूटीवर रिपोर्ट द्यावा तशा आवाजात बोलत होते.

"खोटं मी बोललोय. तिला ठावं न्हाई. ती समजतीया तुझ्या शब्दावरच आत गेलीया. तवा जे काय द्यायचं आसंल ते मला द्यायचं. तिला हात लावायचा न्हाई."

माझी चाहूल लागून ते वळले. डोळे लाल होते.

"सर, हा गणपती हाय. हितनं सांगितल्यालं भैरोबाला पोचतं का?"

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं होतं. मी म्हणालो, "पोचतं."

ऑपरेशन चांगलं झालं. काकी आता काठीशिवाय कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत जातात आणि सुभेदारांना न विचारता भैरोबाचे आभार मानतात. सुभेदार पूर्वीसारखेच वाद घालतात.

या थंडीत त्यांना खोकला झाला. चांगलाच. रात्री त्यांची झोप उडाली, पाठ धरली, आवाज बसला. मी चौकशीला गेलो तर ते अंगणात शाल गुंडाळून बसलेले. समोर काकी तुळशीला पाणी घालत फेऱ्या मारत होत्या, आणि सुभेदार त्यांच्या पावलांकडे बघत होते. कितीतरी दिवसांत मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

"औषध घ्या की, सुभेदार."

"ऱ्हाऊ द्या, सर," ते बसलेल्या आवाजात हळूच म्हणाले. "माझ्यावरच येतंय. तिच्याकडं गेलं न्हाई."